परळहून मोत माउलीच्या डोंगरावर

मुंबईकडे येणाऱ्या गाड्यांतून एक यात्रा बारमाही चाललेली असते. तिचा नवस कोणी बोललेला नसतो, तिला मुहूर्त नसतो आणि निघताना कोणी औक्षण करीत नाही. मडगावहून कोकणकन्या निघते, इंदुराहून अवंतिका, हैदराबादेहून हुसेनसागर. पंजाब मेल ग्वाल्हेरवरून येते. यांपैकी कोणत्याही गाडीच्या डब्यात लक्षपूर्वक पाहावे, तर एखादे कुटुंब असे आढळते की, त्याच्या पिशवीत कपड्यांच्या वर, अगदी हाताशी, तपासणीच्या कागदांची जाड फाइल ठेवलेली असते. कोठे निघालात, असे विचारल्यास उत्तर एका शब्दाचे येते: 'परळला', किंवा 'टाटाला'. रोगाचे नाव उच्चारण्याची गरज उरत नाही. किंबहुना ते टाळण्यासाठीच या नावांचा आडोसा घेतलेला असतो.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांनी ही वाट तुडविली असेल. गोमंतकातील असोत वा बेळगाव-खानापूरकडील, बडोद्याचे असोत वा इंदूरचे, कर्करोगाने गाठलेल्या आप्तासाठी परळचा जिना चढला नाही, असे घराणे विरळाच. या खेपेस आम्ही त्याच वाटेने गेलो. परंतु एक प्रश्न मनाशी बाळगून गेलो. शरीरावरील उपचारांविषयी लिहिण्याचा अधिकार वैद्यांचा. त्यात आम्ही शिरत नाही. शरीराची चिंता वाहणारे एवढे कुशल हात येथे असताना, त्या शरीरात राहणाऱ्या जिवाची चिंता कोण वाहतो, हे आम्हांस पाहावयाचे होते.

परळ स्थानकातून बाहेर पडून चालू लागले की थोड्याच वेळात डॉक्टर ई. बोर्जेस मार्ग लागतो. रस्त्याचे हे नाव आमच्या गोमंतकीय वाचकांस अभिमानास्पद वाटावे असे आहे. डॉक्टर अर्नेस्ट बोर्जेस हे गोमंतकीय कुळातील नामवंत शल्यविशारद; त्यांनी आपले आयुष्य कर्करोग्यांच्या सेवेत वेचले. ते १९६९ साली निवर्तले. याच रस्त्यावर टाटा स्मारक रुग्णालय उभे आहे. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढल्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या मागे राहिलेल्या विश्वस्त निधीतून हे रुग्णालय उभे राहिले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. म्हणजे या वास्तूच्या पायाशीच एका घराचे दुःख आहे. ते दुःख घरातच न कोंडता त्याचे दार लोकांसाठी उघडले, म्हणून आज कोण कोठची माणसे येथे आधाराला येतात.

सकाळच्या प्रहरी येथील गर्दी पाहिली म्हणजे मनुष्य अंतर्मुख होतो. देशात दरवर्षी कर्करोगाचे नवे रुग्ण किती, याचा २०२२ सालचा अंदाज चौदा लाखांच्या घरात जातो. तो आकडा कागदावर वाचणे निराळे आणि पदपथावर बसलेला पाहणे निराळे. कोणाच्या नाकात नळी, कोणाच्या डोक्यास फडके गुंडाळलेले, कोणी लहान मूल आईच्या मांडीवर निजलेले. परंतु या गर्दीत आक्रोश नाही. माणसे वाट पाहतात: नावाचा पुकारा होण्याची, अहवालाची, तारखेची. या वाट पाहण्यातच मनाचे सारे हाल दडलेले असतात. शेतीचा तुकडा गहाण पडला त्याची चिंता असते. घरी मुले कोणाच्या भरवशावर ठेविली, त्याचा घोर असतो. रूप गेले, आवाज गेला, त्याची लाज असते. आणि या सर्वांच्या तळाशी एक प्रश्न असतो, जो फाइलीत कोठेच लिहिलेला नसतो: माझ्याच वाट्याला का?

या प्रश्नास वैद्यकशास्त्र आपल्या परीने उत्तर देते. तंबाखू, मद्य, काही विषाणू, वाढते वय, क्वचित कुळातून आलेला दोष, अशी कारणे ते सांगते आणि ती खरी आहेत. परंतु ज्याने आयुष्यात तंबाखूस बोट लावले नाही, त्याचे समाधान त्या यादीने होत नाही. आणि ज्याने लावले, त्यासही नुसते कारण नको असते. आपले जगणे अजून कोणाच्या तरी लेखी मोलाचे आहे की नाही, हे त्यास जाणून घ्यावयाचे असते. ही भूक अन्नाची नव्हे, औषधाचीही नव्हे. तिला आत्म्याची भूक म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

परळहून आम्ही दादरला आलो. दादरच्या पूर्वेस संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तेथे परगावच्या रुग्णांना आणि त्यांच्या सोबत्यांना आसरा मिळतो; त्यांत कर्करोग्यांचा भरणा मोठा. महाराजांनी १९५६ साली देह ठेवला. हयातभर त्यांनी हाती खराटा धरला आणि देव दगडात न शोधता भुकेल्या-रोगी माणसांत शोधण्यास लोकांस सांगितले. अशा आश्रयस्थानात एक गोष्ट ध्यानी येते. घरी ज्या रुग्णाशी कोणी रोगाविषयी चकार शब्द काढीत नाही, तो येथे दुसऱ्या रुग्णाशी मोकळेपणी बोलतो. 'तुमचे शेक किती झाले?' 'तोंड आले तेव्हा तुम्ही काय खाल्लेत?' असे प्रश्न एकमेकांस विचारले जातात. त्यांत उपदेश नसतो, कीवही नसते; आपण एकटे नाही, एवढी खात्री असते. ही खात्री म्हणजे मनाचा पहिला उपचार होय.

आमच्या घरांतून मात्र नेमके उलट घडते. रोगाचे निदान झाले की, प्रथम ते रुग्णापासूनच लपविले जाते. मुलगा डॉक्टरांस डोळ्याने खुणावतो, पत्नी पदराने डोळे पुसून हसऱ्या चेहऱ्याने खोलीत शिरते. यात माया असते, हे कोण नाकारील? परंतु रुग्ण काही दुधखुळा नसतो. आपले शरीर त्यास सर्व सांगत असते. तोही मग घरच्यांस दुःख नको म्हणून अज्ञानाचे सोंग घेतो. आणि एका छपराखाली सर्वजण परस्परांची समजूत राखीत, प्रत्येकजण एकटा होतो. ज्या दिवसांत क्षमा मागावयाची असते, निरवानिरव करावयाची असते, दोन प्रेमाचे शब्द उरकून घ्यावयाचे असतात, ते दिवस या मौनात वाहून जातात. सत्य एकदम अंगावर फेकू नये, हे खरेच. परंतु रुग्ण विचारील तेवढे त्यास सांगावे, आणि तो विचारील अशी वाट मोकळी ठेवावी.

दादरहून पश्चिम रेल्वेच्या लोकलने आम्ही वांद्र्यास उतरलो आणि बसने डोंगराची वाट धरली. डोंगरावर मोत माउलीचे, म्हणजे पवित्र मरियेचे, देवालय आहे. आजची इमारत १९०४ सालची. सप्टेंबरात माउलीच्या जन्मोत्सवाच्या निमित्ताने येथे आठवडाभर जत्रा भरते, आणि तिला येणाऱ्यांत ख्रिस्ती किती व इतर किती, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. देवालयाजवळच्या दुकानांतून मेणबत्त्यांबरोबर मेणाच्या आकृती विकावयास मांडलेल्या असतात. ज्याचा पाय दुखतो तो मेणाचा पाय अर्पण करितो, ज्याचा हात अधू झाला तो हात. ज्यास मूल हवे तो बाळाची आकृती घेतो, आणि ज्यास घर हवे तो घराची.

अशाच एका दुकानापाशी खानापूर तालुक्यातील एक बाई आम्हांस भेटली. तिच्या नवऱ्याच्या जबड्यावर उपचार चालले होते. मराठी ऐकून तिला धीर आला असावा. काय घ्यावे, हे तिला उमगत नव्हते. ती म्हणाली, "दादा, जबडा काय, तो डाक्टर बघत्यात. पण आमचं माणूस भिंतीकडं तोंड करून निजतंय. पोरांचं नाव काढलं तरी बोलत नाही. त्याला काय वाहायचं?" मग तिनेच हळू आवाजात सांगितले की, गावाकडून भेटीस आलेल्यांपैकी एकाने त्यास पूर्वीच्या पापांचा झाडा घेण्यास सांगितले, आणि दुसऱ्याने त्याचा विश्वास कमी पडतो आहे, असे बजावले. तेव्हापासून तो असा झाला. ती बराच वेळ उभी राहिली. अखेर तिने हात, पाय वा मस्तक न घेता मेणाचा सबंध मनुष्य घेतला.

आमच्या मते त्या बाईने कर्करोगाविषयीची फार मोठी गोष्ट ओळखली होती. दुखणे जबड्यात असले तरी आजारी सबंध मनुष्य असतो.

आणि ज्यांनी त्या रुग्णास पापांची आठवण करून दिली, त्यांना आम्ही शुभवर्तमानाची आठवण करून देऊ. जन्मांधास पाहून शिष्यांनी प्रभू येशूस हाच प्रश्न केला होता की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने ते दोन्ही तर्क झिडकारले. ईयोबाच्या मित्रांची कथाही आपणांस ठाऊक आहे. ते आले, आणि सात दिवस व सात रात्री त्याच्यापाशी जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले. तेवढे दिवस ते खरे मित्र होते. पुढे त्यांनी तोंड उघडले, त्याच्या दुःखाची मीमांसा मांडली, आणि ते त्याचे छळक झाले. अखेरीस देवाचा कोप झाला तो तक्रार करणाऱ्या ईयोबावर नव्हे; देवाची बाजू मांडणाऱ्या त्या मित्रांवर झाला. आजाऱ्याच्या भेटीस निघणाऱ्या प्रत्येकाने ही कथा मनाशी घोळवीत जावी.

मोत माउलीच्या देवालयाच्या परिसरातच शांती आवेदना सदन आहे. टाटा रुग्णालयातील शल्यविशारद डॉक्टर एल. जे. डिसोझा यांच्या पुढाकाराने १९८६ साली हे उघडले. ज्यांचा कर्करोग बरा होण्यापलीकडे गेला आहे, अशांसाठी निघालेले भारतातील हे पहिले सदन. पुढे गोव्यात लोटली येथे व दिल्लीतही याच संस्थेची सदने निघाली. रुग्णाकडून येथे शुल्क घेतले जात नाही आणि त्याचा धर्मही पाहिला जात नाही. खाटांमधून हिंडून रुग्णांचे चेहरे न्याहाळणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही. ते कोणाच्या प्रदर्शनासाठी तेथे आलेले नाहीत. एवढे मात्र सांगू की, अशा सदनात रोगाशी झुंज संपली असली तरी काम संपलेले नसते. जखमा धुतल्या जातात, वेदना शमविल्या जातात, रात्री हाक आली तर कोणी उठून जाते. 'आता करण्यासारखे काही उरले नाही' हे वाक्य जेथे निरुपयोगी ठरते, ती ही जागा.

या कल्पनेचा माग काढीत गेल्यास वाट लंडनला पोहोचते. सिसिली सॉण्डर्स नावाच्या एका बाई प्रथम परिचारिका होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडून त्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या. तेथे त्यांची डेव्हिड टास्मा या रुग्णाशी ओळख झाली. तो पोलंडमधील ज्यू, उपाहारगृहात वाढप्याचे काम करणारा, वय अवघे चाळीस, परक्या देशात कर्करोगाने मरणपंथास लागलेला. आपल्या जगण्याची जगात खूणही राहिली नाही, ही त्याची खरी व्यथा होती. शांतपणे मरता येईल अशा एका घराविषयी दोघे बोलत. १९४८ साली तो वारला, तेव्हा त्याने पाचशे पौंड या बाईंच्या नावे ठेविले. तुमच्या त्या घरात मी एक खिडकी होईन, अशी त्याची इच्छा होती. खिडकी आधी मिळाली. तिच्याभोवती घर उभारण्यास एकोणीस वर्षे लागली. दरम्यान बाई डॉक्टर झाल्या, हॅकनी येथे कॅथलिक धर्मभगिनींच्या सेंट जोसेफ सदनात त्यांनी वेदनाशमनाचा अभ्यास केला, आणि १९६७ साली सेंट क्रिस्टोफर सदन उघडले. टास्माची खिडकी तेथे आजही आहे. २००५ साली बाईंनी त्याच सदनात देह ठेवला.

मुमूर्षू रुग्णाच्या वेदनेस चार अंगे असतात, असे त्यांनी वैद्यकास शिकविले: शरीराचे, मनाचे, संसाराचे आणि आत्म्याचे. यांतील एकाची हेळसांड झाली तर उरलेली तिन्ही चिघळतात. आधी शरीर शांत करावे, हा त्यांचा आग्रह होता. कारण असह्य कळा येत असताना प्रार्थना कोणास सुचणार? मॉर्फीन ठरल्या वेळी, कळ येण्याआधीच द्यावे, हे त्यांनी रूढ केले. १९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही कर्करोगाच्या वेदनेवर पायरीपायरीने औषध देण्याची पद्धत घालून दिली. आमच्या माळव्यातील वाचकांस एक विसंगती ठाऊक असावी. नीमच-मंदसोरकडे सरकारी परवान्याने अफू पिकते, आणि तिच्यापासून मॉर्फीन निघते. परंतु १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने एवढी बंधने आली की, आमच्याच रुग्णांस ते दुर्मिळ झाले. २०१४ साली कायद्यात सुधारणा झाली. तरी खेड्यापाड्यांतून ते अद्याप सहजी मिळत नाही. घरातील रुग्ण कण्हत असेल तर 'हा क्रूस सोसा' असे सांगण्यापूर्वी वेदनाशमनाच्या डॉक्टरांचा पत्ता शोधावा, अशी आमची विनंती आहे.

आत्म्याच्या अंगाविषयी अलीकडे शास्त्रज्ञांनीही कुतूहल दाखविले आहे. न्यूयॉर्कमध्ये, ज्यांचे आयुष्य तीन महिन्यांहून कमी उरले असा अंदाज होता अशा १६० कर्करोग्यांचा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या मनास शांती होती आणि आपल्या जगण्यास अर्थ आहे असे वाटत होते, त्यांच्यात निराशा व मरण लवकर यावे ही इच्छा कमी आढळली. या विषयावरील संशोधनात अर्थ आणि शांती यांचे माप निराळे घेतात, आणि श्रद्धेचे निराळे. आणि मनाच्या स्वास्थ्याशी अधिक घट्ट नाते बहुधा पहिल्या दोहोंचे दिसते. श्रद्धावंतांनी याने बिचकू नये. ओठांवर श्रद्धा आहे, पण अंतरात 'देवाने मला टाकले' हे शल्य आहे, अशा माणसास शांती कोठून लाभणार? श्रद्धेतून शांती उमलली पाहिजे. श्रद्धेचा दंडुका करून ती कोणास देता येत नाही.

येथे आणखी एक भेद केला पाहिजे. दुःख निराळे आणि मनाचा आजार निराळा. कर्करोग झाल्यावर रडू येणे, भीती वाटणे हे मनुष्याला साजेसेच आहे. परंतु आठवड्यामागून आठवडे झोप नाही, कशात गोडी नाही, आपण सर्वांस भार झालो अशी खात्री, जगणे नकोसे, असे असेल तर ते नैराश्य होय. २०११ सालच्या एका मोठ्या आढाव्यानुसार कर्करोगाचे उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे सहांतील एकास ते जडते. त्यावर औषध आहे, समुपदेशन आहे. ताप आला असता आपण विश्वासाची परीक्षा घेत बसत नाही. मग मनाच्या तापासच तो दोष का द्यावा? रुग्णाचा इलाज करणाऱ्या डॉक्टरांस हे स्पष्ट सांगावे. सरकारच्या टेली-मानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य बोलता येते आणि मराठीतही बोलता येते.

मग आम्ही धर्मग्रामस्थांनी काय करावे? पहिली गोष्ट, तैलाभ्यंग शेवटच्या घटकेपर्यंत लांबवू नये. फादर तेल घेऊन दारी आले म्हणजे यमदूतच आला, अशी समजूत अजूनही घरोघरी आहे, आणि म्हणूनच रुग्ण बेशुद्ध होईतो त्यांना बोलावीत नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने १९६३ साली स्पष्ट सांगितले की, हा संस्कार केवळ मरणाच्या दारी टेकलेल्यांचा नव्हे. त्यास रुग्णांचा तैलाभ्यंग म्हणणेच अधिक उचित. तो शुद्धीवर असताना, त्याच्या संमतीने, घरच्यांच्या सोबत व्हावा. त्यात निरोप नसून आधार आहे.

दुसरी गोष्ट, भेटीस जाणे शिकून घ्यावे. केरळात १९९३ पासून कोझिकोड येथून जी चळवळ वाढली, तिने शेजारपाजारच्या साध्या माणसांस थोडे प्रशिक्षण देऊन अंथरुणास खिळलेल्यांच्या घरी धाडले. तसे चार-सहा जण आमच्या प्रत्येक धर्मग्रामात का निघू नयेत? जाताना फळांची पिशवी न्यावी अथवा नेऊ नये. परंतु घड्याळाकडे पाहू नये. दुसऱ्याच्या काकांचे कसे झाले, ती कहाणी सांगू नये. 'बरे होणारच' असे वचन देऊ नये. ते आपल्या हाती नाही. त्याने प्रार्थना मागितली तर करावी, न मागितली तर त्याच्याजवळ बसणे हीच प्रार्थना समजावी. तो देवावर रागावला तर देवाचे वकीलपत्र घेऊ नये. गेथसेमनीच्या बागेत प्रभूने शिष्यांजवळ स्पष्टीकरण मागितले नाही. आपल्याबरोबर जागे राहावे, एवढेच मागितले, आणि तेवढेही त्यांच्याने झाले नाही. सॉण्डर्सबाई आपल्या कार्याचा पाया त्याच प्रसंगात पाहत.

आणि तिसरी गोष्ट, रुग्णाची सेवा करणाऱ्यास विसरू नये. खानापूरच्या त्या माउलीस परळला कोणी विचारले असेल की, बाई, तुझी झोप झाली का? एक दिवस तिच्या जागी रुग्णापाशी बसणे, तिच्या मुलांच्या शाळेकडे पाहणे, गाडीभाड्यास हात लावणे, ही कामे थोर दिसत नाहीत. परंतु घरातील धीर त्यांवरच तगतो.

डोंगर उतरताना पश्चिमेस समुद्र दिसत होता आणि वर देवालयात मेणबत्त्या जळत होत्या. मेण वितळून जाते. अर्पण करणाऱ्यास ते ठाऊक असते. त्याला हवे असते ते एवढेच की, आपले दुखणे कोणीतरी पाहिले, ऐकले आणि आपल्याबरोबर वाहिले. माउलीच्या पायाशी ही अपेक्षा घेऊन जाणारा मनुष्य आपल्याच आळीत, आपल्याच भिंतीपलीकडे राहतो. वाचकहो, येत्या रविवारी मिस्सा आटोपून घरी परतताना त्याच्या दारावर एकदा थाप द्यावी, आणि आत गेल्यावर शक्य तितके कमी बोलावे.